शिष्यवृत्तीची पात्रता आणि शेतकरी कुटुंब

मृगाचा पाऊस पडला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव व औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत सोयाबीनच्या पेरणीची घाई सुरू होते. बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या महाविद्यालयीन प्रवेशाची धावपळही याच सुमारास असते. बियाणे, खत आणि प्रवेशशुल्क हे तिन्ही खर्च एकाच थैलीतून भागवावे लागतात. अशा वेळी घरात राखून ठेवलेली हळद मिळेल त्या भावाने विकली जाते, सावकाराचे दार ठोठावले जाते, अथवा मुलीचे शिक्षण ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणून थांबविले जाते. एकदा थांबलेले शिक्षण पुन्हा सुरू होणे किती कठीण असते, हे गावोगावी सर्वांना ठाऊक आहे.

यांपैकी पुष्कळ कुटुंबे शासनाच्या कोणत्या ना कोणत्या शिष्यवृत्तीस पात्र असतात. मुलाची बुद्धी किंवा गुण कमी पडले म्हणून शिष्यवृत्ती हुकते असे नाही. एखादा दाखला वेळेवर नसतो, एखादा नियम कोणी समजावून सांगितलेला नसतो, म्हणून ती हुकते. पेरणीपूर्वी मातीची परीक्षा करून घेणे जितके आवश्यक, तितकेच प्रवेशापूर्वी पात्रतेचे नियम पाहून कागद जुळविणे आवश्यक आहे. प्रस्तुत पाठात त्या नियमांचा विचार केला आहे.

योजनांची पार्श्वभूमी

मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पुढे ही सवलत अनुसूचित जमातींनाही लागू झाली. शेतकऱ्यांच्या मुलांच्या निवासखर्चासाठी असलेल्या योजनेस डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. 1952 ते 1962 या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते आणि विदर्भात शाळा व वसतिगृहे उभारण्याचे मोठे कार्य त्यांनी केले. शेती सुधारावयाची तर शेतकऱ्याच्या घरात शिक्षण गेले पाहिजे, हा विचार या योजनांच्या मुळाशी आहे. तेव्हा शिष्यवृत्ती हे दान नसून नियमांत बसणाऱ्या विद्यार्थ्याचा तो हक्क आहे. मात्र हक्काला पुरावा लागतो.

कोणासाठी कोणती योजना

अनुसूचित जाती व नवबौद्ध, तसेच अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न 2,50,000 रुपयांपर्यंत असावे लागते. अनुसूचित जातीच्या ज्या कुटुंबाचे उत्पन्न या मर्यादेपेक्षा अधिक आहे, त्यांच्या मुलांनी निराश होण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्काची स्वतंत्र सवलत आहे. हिंगोली जिल्ह्यात आंध या अनुसूचित जमातीची वस्ती असून आदिवासी विद्यार्थ्यांनी कळमनुरी येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी संपर्क ठेवावा.

खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादा 8 लाख रुपये आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलांना शिक्षणशुल्काच्या निम्म्या रकमेची सवलत मिळते. मुलींच्या बाबतीत 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून मोठा बदल झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. ‘मुलीच्या शिक्षणाचा खर्च झेपत नाही’ असे म्हणण्यापूर्वी प्रत्येक पालकाने हा निर्णय ध्यानात घ्यावा.

या सवलतीस एक महत्त्वाची अट आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर परस्पर घेतलेल्या प्रवेशास ती लागू होत नाही. खाजगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठेही तिच्याबाहेर आहेत. म्हणून ‘जागा लगेच देतो, आजच पैसे भरा’ असे कोणी म्हणाल्यास त्या घाईला बळी पडू नये. अशा जागेबरोबर शुल्कमाफीचा हक्क जातो.

निवासाच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत. घरापासून दूर राहून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. दोन हेक्टरपर्यंत जमीन धारण करणारा शेतकरी अल्पभूधारक समजला जातो. त्याचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा आधार आहे. त्यासाठी विद्यार्थी महाविद्यालयाच्या गावचा स्थानिक रहिवासी नसावा आणि उत्पन्न 2,50,000 रुपयांच्या आत असावे.

उत्पन्नाचा हिशेब

सर्वांत अधिक घोटाळा उत्पन्नाच्या बाबतीत होतो. प्राप्तिकरातून शेतीचे उत्पन्न वगळलेले आहे. म्हणून ते शिष्यवृत्तीच्या हिशेबातही धरावयाचे नाही, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. शिष्यवृत्तीसाठी सर्व मार्गांनी मिळणारे उत्पन्न धरले जाते आणि त्यात शेती येते.

याउलट, इतर मागास वर्गातील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रासाठी उत्पन्नाची कसोटी लावताना आईवडिलांचे शेतीचे व पगाराचे उत्पन्न त्यात मिळविले जात नाही. ही मर्यादा 2017 पासून 8 लाखांची आहे आणि तिच्यासाठी लागोपाठ तीन वर्षांचे उत्पन्न पाहतात. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र हे दोन निरनिराळे कागद असून त्यांचे हिशेबही निरनिराळे आहेत. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

दुसरा प्रश्न असा की उत्पन्न कोणाचे धरावयाचे? एक उदाहरण घेऊ. सेनगाव तालुक्यातील एका अनुसूचित जातीच्या कुटुंबात आईवडील, थोरला मुलगा व कॉलेजात जाणारी धाकटी मुलगी आहे असे समजू. शेती व मजुरी मिळून आईवडिलांचे वर्षाचे उत्पन्न 1,60,000 रुपये आहे. थोरला मुलगा पुण्यास कारखान्यात काम करून वर्षाला 1,80,000 रुपये मिळवितो. दोन्ही रकमांची बेरीज 3,40,000 होते. म्हणून वडील समजतात की मुलीस शिष्यवृत्ती मिळणार नाही आणि अर्जच करीत नाहीत. परंतु भारत सरकार शिष्यवृत्तीच्या नियमाप्रमाणे आईवडिलांपैकी एक जरी हयात असले, तरी केवळ आईवडिलांचेच उत्पन्न धरले जाते; भावाच्या कमाईचा त्यात समावेश होत नाही. म्हणजे ही मुलगी पात्र आहे. विवाहित व नोकरी नसलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत पतीचे उत्पन्न पाहिले जाते.

तिसरी गोष्ट हळदीसारख्या नगदी पिकाची. वसमत किंवा हिंगोलीच्या बाजारात मिळालेल्या पट्टीवरील सर्व रक्कम म्हणजे कुटुंबाचे उत्पन्न नव्हे. बेणे, खत, काढणी, शिजवणी व मजुरी हा खर्च तिच्यातच असतो. हा खर्च ज्या पावत्यांवरून दिसतो त्या जपून ठेवाव्यात आणि चौकशीच्या वेळी दाखवाव्यात. त्याचबरोबर उत्पन्न मुद्दाम कमी सांगण्याचा मोहही टाळावा. खोट्या दाखल्यावर घेतलेली शिष्यवृत्ती परत करावी लागते आणि मुलाच्या शिक्षणावर कायमचा डाग राहतो.

इतर अटी

विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी असावा. हिंगोलीचा विद्यार्थी शेजारच्या तेलंगणात शिकावयास गेला तरी भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी त्याने आपल्याच राज्याकडे अर्ज करावयाचा असतो. एका वेळी एकाच शिष्यवृत्तीचा लाभ घेता येतो. एक पदवी पूर्ण झाल्यावर त्याच पातळीची दुसरी पदवी घेणाऱ्यास, उदाहरणार्थ बी.ए.नंतर बी.कॉम. करणाऱ्यास, ती सामान्यतः मिळत नाही. वर्गात किमान 75 टक्के उपस्थिती आवश्यक आहे. पेरणी, खुरपणी व काढणीसाठी मुलांना वारंवार घरी बोलाविणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. दोन दिवसांची मजुरी वाचविताना वर्षाची शिष्यवृत्ती जाऊ शकते. राजर्षी शाहू योजनेचा लाभ एका कुटुंबातील दोन अपत्यांपर्यंतच आहे.

जातीच्या पुराव्याचे कागद

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. त्याची वैधता पडताळणी समिती तपासते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्यास वेळ लागतो. म्हणून अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत त्याचा अर्ज करावा. कुटुंबाच्या जातीचा व वास्तव्याचा जुना पुरावा ठरावीक दिनांकापूर्वीचा असावा लागतो: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागास वर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा महसुली नोंद या कामी उपयोगी पडते. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने जुन्या नोंदी अनेकदा उर्दूत सापडतात. घरातील असा जीर्ण कागद निरुपयोगी समजून टाकून देऊ नये. त्याचे भाषांतर करून घ्यावे.

सर्व कागदांवर नाव एकसारखे असणे हाही मोठा मुद्दा आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे व बँकेत तिसरे, अशी स्थिती असल्यास अर्ज अडतो. अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर होतो. प्रथम महाविद्यालय व नंतर संबंधित विभागाचे कार्यालय त्याची तपासणी करते. रक्कम विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न बँक खात्यात जमा होते. एकाहून अधिक खाती असल्यास जे खाते शेवटी आधारशी जोडले त्यातच पैसे जातात. खात्यात आलेली शुल्काची रक्कम पेरणीला वापरू नये. ती महाविद्यालयाची आहे.

कामाचे वेळापत्रक

एप्रिल व मे : 31 मार्चला आर्थिक वर्ष संपताच तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात अर्ज करावा. सातबारा, आठ-अ व शिधापत्रिका जवळ ठेवावी. अल्पभूधारक, रहिवासी व नॉन-क्रीमीलेअर यांपैकी लागणारे दाखले याच वेळी काढावेत.

जून व जुलै : प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा. बँक खाते आधारशी जोडल्याची बँकेत खात्री करावी.

प्रवेशानंतर : अर्ज भरून त्याची प्रत ठेवावी. अर्जात त्रुटी निघाल्यास तो परत येतो. म्हणून दर आठवड्यास त्याची स्थिती पाहावी.

दरवर्षी : पुढील वर्गात गेल्यावर नूतनीकरणाचा अर्ज करावा. पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती आपोआप चालू राहत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

गावात बारावीत असलेल्या मुलामुलींची यादी उन्हाळ्यातच करावी आणि प्रत्येकासमोर कोणता दाखला आहे व कोणता नाही हे लिहावे. पेरणीपूर्व सभेत बियाण्याच्या उगवणक्षमतेबरोबर ही यादीही वाचून दाखवावी. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व शाळेचे शिक्षक यांना एकाच दिवशी एकत्र बोलाविल्यास पालकांच्या अनेक फेऱ्या वाचतात. ज्या घरात मुलीचे नाव प्रवेशाच्या यादीत आहे पण कागद नाहीत, त्या घरी कार्यकर्त्याने प्रथम जावे.

वापसा येण्यापूर्वी शेत तयार ठेवणाऱ्याचीच पेरणी वेळेवर साधते. शिष्यवृत्तीच्या बाबतीतही कागद आधी तयार असतील, तर जूनमध्ये हळद पडत्या भावाने विकण्याची किंवा मुलीस घरी बसविण्याची वेळ येणार नाही.