अर्काची परीक्षा

वनस्पतींचे औषधी उपयोग माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. जखमेवर हळद, खोकल्यावर तुळशीचा काढा असे उपचार आपल्याकडे घरोघरी चालत आले आहेत. परंतु रोगी काढा घेऊन बरा झाला, एवढ्यावरून तो काढ्यामुळेच बरा झाला असे ठरत नाही. कारण पुष्कळ लहानसहान आजार औषधावाचूनही बरे होतात. मग एखाद्या वनस्पतीत जंतूंना रोखण्याचा गुण खरोखर आहे की नाही, हे ठरवावयाचे कसे? त्यासाठी शास्त्रज्ञ तिच्या अर्काची जंतूंवरच परीक्षा घेतात.

ह्या परीक्षेचे मुख्य साधन म्हणजे झाकण असलेली एक उथळ बशी. ज्युलियस पेट्री ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून तिला पेट्रीची बशी म्हणतात. तीत जंतूंचे अन्न घालून ते आगराने गोठवितात. आगर हा समुद्रातील शेवाळापासून मिळणारा पदार्थ होय. पतीच्या प्रयोगकार्यात साहाय्य करणाऱ्या फॅनी हेसे ह्यांनी १८८१ मध्ये ह्या कामी आगर वापरण्याचे सुचविले. घरी जेली गोठविण्यासाठी त्या तेच वापरीत असत.

आता अर्काकडे वळू. पाला सावलीत वाळवून त्याची पूड करतात व ती पाण्यात किंवा मद्यार्कात भिजवून गाळतात. लसणीसारखी वनस्पती असेल, तर पाकळ्या ठेचून रस काढतात. आगरावर जंतू सर्वत्र सारखे पसरल्यावर, अर्क शोषून घेतलेली कागदाची चकती त्यावर ठेवतात. तिचा व्यास अवघा ६ मिलिमीटर असतो. ही बशी सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवली, म्हणजे दुसऱ्या दिवशी जंतूंचा धूसर थर दिसू लागतो. अर्काने त्यांची वाढ रोखली असेल, तर चकतीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ राहते. त्याचा व्यास काळजीपूर्वक मोजतात.

परंतु येथे एक शंका उभी राहते. मद्यार्क स्वतःच जंतूंचा नाश करतो. मग हे वर्तुळ पाल्यामुळे पडले, की चकतीत राहून गेलेल्या मद्यार्कामुळे? म्हणून दुसरी चकती नुसत्या मद्यार्काची, तर तिसरी त्या जंतूंवर गुणकारी ठरलेल्या औषधाची ठेवतात. दुसरीभोवतीही वर्तुळ पडले, तर पहिलीवर विश्वास ठेवता येत नाही. तिसरीभोवती ते पडलेच नाही, तर प्रयोगातच कोठे तरी चूक झाली आहे असे समजावे. शिवाय हा प्रयोग पुनःपुन्हा करून पाहतात. आपल्याला हवे तेच उत्तर मिळावे, हा मोह शास्त्रज्ञालाही होऊ शकतो. त्याला आवर घालण्यासाठीच हा सारा खटाटोप असतो.

ताज्या ठेचलेल्या लसणीचा रस अनेक जंतूंच्या बाबतीत ह्या परीक्षेला उतरतो. त्याचे कारण असलेले ॲलिसिन हे द्रव्य कॅव्हॅलिटो व बेली ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये वेगळे केले. अखंड पाकळीत ॲलिसिन नसते. पाकळी ठेचली, म्हणजे तिच्यातील दोन निरनिराळे पदार्थ एकत्र येतात आणि ते तयार होते. पाकळी अखंडच शिजविली, तर त्यांपैकी एक पदार्थ उष्णतेने निकामी होतो.

मग लसूण हे सर्व रोगांवर औषध झाले काय? मुळीच नाही. ॲलिसिन फार लवकर विघटन पावते. बशीत जंतूंना रोखणारा पदार्थ शरीरात रोगाच्या जागी पोहोचेलच असे नाही. कदाचित तो शरीरालाच अपाय करील. म्हणून बशीतील वर्तुळानंतर योग्य मात्रा, सुरक्षितता आणि शेवटी रोग्यांवरील परिणाम ह्यांच्याही परीक्षा व्हाव्या लागतात. जुन्या औषधांना दाद न देणारे जंतू आज वाढत असल्याने नव्या औषधांची फार गरज आहे. परंतु ह्या परीक्षांची पायरी गाळून चालत नाही, कारण त्या औषधावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.

स्वाध्याय

१. नुसत्या मद्यार्काची चकती कशासाठी ठेवतात?
२. ठेचलेली लसूण व अखंड शिजविलेली लसूण ह्यांत कोणता फरक आहे?
३. बशीत स्वच्छ वर्तुळ पडले तरी औषध सिद्ध झाले असे का म्हणता येत नाही?