रागवा, पण निर्णयावर

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावांत ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत शनिवार फुटबॉलचा असतो. हे फुटबॉल चेंडू हातात घेऊन पळण्याचं आणि फेकण्याचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. क्रिकेटमध्ये कर्णधार मैदानात उभा राहून ठरवतो. इथे जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाचा डाव प्रशिक्षक ठरवतात, सीमारेषेवरून किंवा स्टेडियमच्या वरच्या काचेच्या खोलीतून, आणि तेही चाळीस सेकंदांच्या आत. म्हणूनच सामना हरला की स्टँडमधला राग आधी निघतो तो डाव ठरवणाऱ्यावर.

मी नाशिकहून मिडवेस्टमधल्या अशाच एका गावात आले आणि या खेळात पुरती गुंतले. आमच्या संघावर माझा जीव आहे, आणि त्याच्या प्रशिक्षकांवर मी अनेकदा मनापासून चिडले आहे. त्या चिडण्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

१. निकाल बाजूला ठेवा, निर्णय तपासा

२ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल हा हंगामाअखेरचा सामना. अपराजित नेब्रास्काने शेवटच्या मिनिटात टचडाउन केला, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात (एंड झोनमध्ये) नेला, तरी मायामी ३१-३० असं पुढे होतं. लाथ मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता, आणि बरोबरीवरही राष्ट्रीय विजेतेपद बहुधा नेब्रास्कालाच मिळालं असतं. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी चेंडू पुन्हा तिथे नेऊन दोन गुण मिळवण्यासाठी डाव मांडला. पास अडवला गेला आणि नेब्रास्का हरला.

हरूनही त्या निर्णयाचा आजवर आदराने उल्लेख होतो, कारण तो जिंकण्यासाठी घेतला होता. उलट, चुकीचा डाव नशिबाने साधला तर तेवढ्याने तो बरोबर ठरत नाही. चेंडू हवेत जाण्याआधी तुमचं मत काय होतं, तेवढंच खरं मत. आमच्या रांगेत मी हा नेम पाळते: डाव सुरू होण्याआधी मत सांगायचं, निकाल पाहून ते बदलायचं नाही.

२. जिथे उत्तर एकच असतं, तिथे राग पूर्ण रास्त असतो

बहुतेक डावांत दोन बाजू असतात. घड्याळाच्या हिशेबात कधीकधी एकच असते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी मायामी जॉर्जिया टेकविरुद्ध २०-१७ असं पुढे होतं. चेंडू मायामीकडे होता, चाळीस सेकंदांहून कमी वेळ उरला होता आणि जॉर्जिया टेककडे घड्याळ थांबवायला एकही टाइमआउट नव्हता. डाव चालवणाऱ्या खेळाडूने, म्हणजे क्वार्टरबॅकने, चेंडू घेऊन गुडघा टेकला असता तर घड्याळ चालत राहून सामना तिथेच संपला असता.

त्याऐवजी धावण्याचा डाव दिला गेला. चेंडू निसटला, तो मिळवून जॉर्जिया टेकने चार डावांत ७४ यार्ड कापले आणि एक सेकंद उरला असताना टचडाउन करून २३-२० असा सामना जिंकला. मायामीचे प्रशिक्षक मारिओ क्रिस्टोबाल होते. २०१८ मध्ये त्यांच्याच ओरेगॉन संघाने स्टॅनफर्डविरुद्ध शेवटच्या मिनिटात आघाडीवर असताना असाच धावण्याचा डाव खेळून चेंडू गमावला होता, आणि जादा वेळेत सामनाही. अशा वेळी ‘तज्ज्ञांना जास्त कळतं’ असं म्हणून गप्प बसू नये. हा हिशेब स्टँडमधल्या शाळकरी मुलालाही येतो, आणि तो न करणं ही कामातली हयगय आहे.

३. भीतीला सावधपणा म्हणू देऊ नका

आमच्या एका सामन्यात आम्ही चार गुणांनी मागे होतो. शेवटचं सत्र चालू होतं, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ३८ यार्ड रेषेवर, चौथा प्रयत्न आणि हवा होता फक्त एक यार्ड. प्रशिक्षकांनी पंट करायला, म्हणजे लाथ मारून चेंडू लांब प्रतिस्पर्ध्याकडे धाडायला लावलं. चेंडू थेट एंड झोनमध्ये गेला आणि प्रतिस्पर्ध्याला २० यार्डांवर मिळाला. म्हणजे चेंडू देऊन टाकायचा आणि बदल्यात कमवायचे १८ यार्ड! पत्रकार परिषदेत याला ‘मैदानावरची स्थिती सांभाळणं’ म्हटलं गेलं.

अर्थतज्ज्ञ डेव्हिड रोमर यांनी व्यावसायिक फुटबॉलचा अभ्यास करून २००६ मध्ये दाखवलं की, चौथ्या प्रयत्नाला खेळणं फायद्याचं असतानाही संघ बरेचदा लाथ मारून मोकळे होतात. मला यामागचं कारण माणसाच्या स्वभावात दिसतं. पंट करून हरलं तर दोष सगळ्यांत वाटला जातो. खेळून अपयश आलं तर दोष एकट्या प्रशिक्षकाचा. त्यामुळे पराभव पुढे ढकलणारा निर्णय त्यांना सोपा वाटतो. चाहत्यांनी इथे आवाज चढवायलाच हवा. आपण फक्त फसलेल्या धाडसावर ओरडलो आणि भेकड पंटवर गप्प राहिलो, तर प्रशिक्षक भेकडपणाच शिकतील.

४. एका डावावरून माणूस तोलू नका

पहिल्या प्रयत्नात मधोमध धावून दोनच यार्ड मिळाले की स्टँडमधून हमखास ओरड होते. पण तोच डाव बचावफळीला पुढे ओढण्यासाठी असू शकतो. तिसऱ्या सत्रात हुबेहूब तशीच रचना करून धावण्याची हूल द्यायची आणि मोकळ्या खेळाडूकडे लांब पास फेकायचा, यासाठी ती आधीची पेरणी असते.

शिवाय मैदानावर दिसलेला डाव प्रशिक्षकाने दिलेलाच असेल असंही नाही. २०२४ पासून वरच्या श्रेणीत प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर बोलू शकतो, पण डावाच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की आवाज बंद होतो. त्यानंतर समोरची बचावाची मांडणी पाहून क्वार्टरबॅक डाव बदलू शकतो.

म्हणून मी सबंध सामन्याचा क्रम बघते. पहिल्या प्रयत्नात धाव, दुसऱ्यात धाव, तिसऱ्यात नाइलाजाचा पास आणि मग पंट, हे चक्र सत्रामागून सत्र चालू राहिलं, आणि पेरलेल्या हुलीचं पीक शेवटपर्यंत दिसलंच नाही, तर मग तक्रार पक्की.

५. विजय दुखणं झाकतो

तक्रार केली की ऐकवलं जातं, ‘जिंकतोय ना, मग काय?’ याला आयोवाचं उदाहरण पुरेसं आहे. ३ सप्टेंबर २०२२ रोजी आयोवाने साउथ डकोटा स्टेटला ७-३ असं हरवलं, एकही टचडाउन न करता: एक फील्ड गोल, म्हणजे लाथ मारून खांबांमधून घालवलेला चेंडू, आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडून बचावफळीने मिळवलेले दोन सेफ्टी. आक्रमणाची जबाबदारी ब्रायन फेरेंट्झ यांच्याकडे होती, आणि मुख्य प्रशिक्षक होते त्यांचे वडील कर्क फेरेंट्झ. पुढच्या हंगामासाठी ब्रायन यांच्या करारात अटी घातल्या गेल्या: संघाने सामन्यामागे सरासरी २५ गुण करावेत आणि किमान सात सामने जिंकावेत.

२०२३ मध्ये आयोवाने दहा सामने जिंकले. बचाव भक्कम होता, पंटर टोरी टेलर देशातला सर्वोत्तम ठरला. पण सरासरी १५ गुणांच्या आसपासच अडकली, आणि हंगाम अर्ध्याहून पुढे सरकला असताना विद्यापीठाने जाहीर केलं की, ब्रायन पुढच्या वर्षी नसतील. बिग टेन परिषदेच्या अंतिम सामन्यात मिशिगनने २६-० आणि त्यानंतर सिट्रस बोलमध्ये टेनेसीने ३५-० असं हरवलं. दहा विजयांच्या आड दडलेलं दुखणं बलाढ्य संघांसमोर उघडं पडलं. आयोवाच्या ज्या चाहत्यांनी जिंकत असताना बोट दाखवलं, ते कृतघ्न नव्हते. त्यांचं बरोबर होतं.

६. ‘हाकला’ म्हणण्याआधी करार वाचा

टेक्सास ए अँड एमने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा उरलेल्या करारापोटी त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणं होतं. जिंकण्याच्या भरात हमीचा लांबलचक करार करणारे विद्यापीठातले अधिकारी वेगळेच असतात. प्रशिक्षकाइतकाच जाब त्यांनाही विचारला पाहिजे, आणि तो करारावर सही होते तेव्हा.

७. राग विद्यार्थ्यापर्यंत पोचू देऊ नका

ऑक्टोबर २०१५ मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध दहा सेकंद उरले असताना मिशिगनच्या पंटरच्या हातून चेंडू सुटला, आणि हातातला सामना २७-२३ असा गेला. त्या विद्यार्थ्याला समाजमाध्यमांवर इतक्या घाणेरड्या शिव्या पडल्या की क्रीडा संचालकांना जाहीर पत्र लिहून त्यांचा निषेध करावा लागला. आता खेळाडूंना पैसे मिळू लागले आहेत, म्हणून ‘आता बोलायला हरकत नाही’ असं काहीजण म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. विशीतल्या मुलाच्या हातून चेंडू निसटणं हा खेळ आहे. गरज नसताना त्याच्या हाती चेंडू देणं हा निर्णय आहे, आणि तो पगारी, अनुभवी, प्रौढ माणसाने घेतलेला असतो.

या सातही गोष्टी एकाच ठिकाणी येतात. निर्णयाला कारण मागणं हा चाहत्याचा हक्क आहे. थंडीपावसात येऊन बसणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या तिकिटं काढणाऱ्या माणसांना ‘तुम्हाला काय कळतंय’ असं उत्तर पुरत नाही. पण हक्क बजावायचा तर प्रश्नही नेमका हवा: त्या क्षणी, हाती असलेल्या माहितीवर, जिंकण्याची शक्यता वाढवणारा दुसरा मार्ग होता का? असला, तर तो का घेतला नाही? हा प्रश्न हरल्यावर विचारा, आणि जिंकल्यावरही तितक्याच जोरात विचारा.