शब्दाभ्यास : कम्प्लेंट म्हणजे नक्की काय?



या गुरुवारी आपण असा एक इंग्रजी शब्द घेतो आहोत, जो आता इंग्रजी राहिलेलाच नाही. *कम्प्लेंट.* नळाला पाणी आलं नाही, कम्प्लेंट टाका. पोराने वर्गात दंगा केला, शाळेतून कम्प्लेंट आली. सुनेबद्दल माझी काही कम्प्लेंट नाही हो, पण... (या 'पण'नंतर अर्धा तास जातो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.)

हा शब्द घ्यायला कारण घडलं. चातुर्मासात आपल्यातल्या बऱ्याच जणांनी 'एकवीस दिवस तक्रार नाही' असा संकल्प केला. मुळात ही कल्पना अमेरिकेतली. कॅन्सस सिटी इथल्या विल बोवेन नावाच्या धर्मोपदेशकाने २००६ मध्ये ती काढली. मनगटात जांभळा रबरी पट्टा घालायचा, तोंडातून तक्रार निघाली की पट्टा दुसऱ्या हातात आणि मोजणी पुन्हा एकपासून. आपल्याकडे पट्ट्याऐवजी धागा आला, एवढाच फरक. संकल्प चांगलाच आहे. पण त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एका ताईंची, यजमान गेल्यानंतरची पेन्शन आठ महिने अडकली आहे. त्यांनी विचारलं, "अर्ज केला तर माझा धागा बदलायचा का?" आणि आपल्यातले एक आजोबा दोन दिवस छातीत जड वाटत असताना गप्प बसले. का, तर सतरावा दिवस होता, व्रत मोडेल! मुलाच्या लक्षात आलं म्हणून दवाखान्यात नेलं. आता बरे आहेत. तेव्हा या शब्दाचा अर्थ नीट समजून घेणं ही काही नुसती शब्दांची गंमत राहत नाही.

आता मुळाकडे जाऊ. कम्प्लेन हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन क्रियापद 'प्लांगेरे', म्हणजे आघात करणे, त्यावरून छाती पिटून शोक करणे. त्याला आधी 'कॉम्' हा उपसर्ग लागला. म्हणजे ज्याला आपण ऊर बडवणे म्हणतो, तेच कम्प्लेनच्या पोटात आहे. जुन्या इंग्रजी साहित्यात तर 'कम्प्लेंट' हा कवितेचाच एक प्रकार होता, विरहाचा किंवा दैवाला बोल लावणारा विलाप. कोर्टात दावा लावणाऱ्याला 'प्लेंटिफ' म्हणतात, तोही याच घरातला. आपल्याकडेही तसंच झालंय बघा. फिर्याद हा फारसी शब्द, मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. आज तो पोलीस ठाण्याच्या कागदावर जाऊन बसला आहे. आधी दुःख, मग हाक आणि शेवटी अर्ज, असा दोन्हीकडे प्रवास झाला.

डॉक्टरांच्या कागदावर या शब्दाचा एक फार चांगला उपयोग टिकून आहे. केसपेपरवर वरच्या बाजूला ते 'सी' आणि 'ओ' अशी दोन अक्षरं लिहितात, त्याचा अर्थ 'कम्प्लेन्स ऑफ'. रुग्ण काय सांगतो ते. तिथे कम्प्लेंट म्हणजे दोष नव्हे, कुरकुर नव्हे, ती माहिती आहे. ती मिळाली नाही तर डॉक्टरांना पुढचं पाऊल टाकता येत नाही. छातीत जड वाटणं, धाप लागणं, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, हे सांगायला संकल्प आड येत नाही. स्त्रियांमध्ये तर हृदयविकारात छातीत दुखण्यापेक्षा नुसता थकवा, मळमळ, धाप अशीही लक्षणं असू शकतात. आपल्या आई-आज्या ती 'होतं कधीकधी' म्हणून सोडून देतात. कृपया सोडू नका.

वापराचं थोडं व्याकरण, मुलांना उपयोगी पडेल. कम्प्लेन हे क्रियापद, कम्प्लेंट हे नाम. 'मैंने कम्प्लेन डाल दी' हे आपल्या भोपाळात सर्रास चालतं, पण इंग्रजीत लिहिताना डाल दी ती कम्प्लेंट. ज्याच्याकडे करतो तिथे 'टु', ज्या गोष्टीविषयी करतो तिथे 'अबाउट', दुखण्याविषयी असेल तर 'ऑफ'. 'अगेन्स्ट' बहुधा नामाबरोबर येतं आणि तेव्हा समोर माणूस किंवा संस्था असते. हा फरक बारीक आहे पण कामाचा आहे. 'अबाउट' म्हटलं की बोट वस्तूकडे जातं, 'अगेन्स्ट' म्हटलं की माणसाकडे. गटार तुंबल्याची तक्रार 'अबाउट'ने झाली तर बहुतेक वेळा 'अगेन्स्ट'ची गरज पडत नाही.

आणखी एक गंमत. याच अक्षरांतला एक शब्द आहे 'कम्प्लायंट', म्हणजे सांगेल ते निमूट पाळणारा. स्पेलिंगमध्ये फक्त 'ए' आणि 'आय' यांची जागा बदलते. तक्रार आणि ताबेदारी, अक्षरं तीच! टाइप करताना जपा. 'आय हॅव अ कम्प्लायंट' असं लिहिलेला अर्ज आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

मग कुरकुरीला इंग्रजीत काय म्हणतात? शब्द पुष्कळ आहेत. पण आपल्या मुलांच्या ऑफिसांत ऐकू येतो तो 'क्रिब'. "सुबह से क्रिब कर रहा है यार." क्रिब म्हणजे मुळात जनावरांची गव्हाण. नाताळात बाळ येशूला गवतावर ठेवतात, ती क्रिब हीच. आता घोड्यांना एक खोड लागते. तबेल्यात तासन्‌तास बांधून ठेवलेला, चरायला न मिळणारा, कंटाळलेला घोडा गव्हाणीची कड दातांत धरतो आणि हवा ओढत राहतो. या खोडीला 'क्रिब-बायटिंग' म्हणतात आणि तक्रारखोरपणाचा 'क्रिब' त्यावरूनच आल्याचं सांगतात. दात झिजतात, पोटात चारा जात नाही, गव्हाण तेवढी कुरतडली जाते. एकदा खोड लागली की मोकळ्या कुरणात सोडलं तरी घोडा कुंपण शोधतो. कुरकुरीचं याहून चांगलं चित्र आम्हाला तरी सापडलं नाही. पण घोड्याची बाजूही पाहा. खोड लागते ती बहुतेक बांधून ठेवल्यामुळे.

मराठीत या बाबतीत श्रीमंती आहे. कुरकुर ही जुन्या खाटेची, नव्या वहाणेची. किरकिर रातकिड्याची आणि दात येणाऱ्या बाळाची. पिरपिर पावसाची, जो धड कोसळत नाही आणि थांबतही नाही. भुणभुण कानाशी. कुरबुर एकट्याने होत नाही, तिला दोन जावा किंवा दोन भागीदार लागतात. धुसफूस आत चालते, बाहेर फक्त भांडी आपटतात. रडगाणं म्हटलं की ऐकणाऱ्याने आधीच कान मिटलेले असतात. कागाळी मात्र वेगळी, ती तिसऱ्याच्या पाठीमागे होते. बघा, पहिल्या चार शब्दांत तोच आवाज दोनदा आला आहे. कुर-कुर, किर-किर, पिर-पिर, भुण-भुण. तेच ते, तेच ते. इंग्रजीतला 'मर्मर' हाही तसाच जोड आवाज, आणि संस्कृतात पानांच्या सळसळीला मर्मर म्हणतात.

आणि आता तक्रार. हा शब्द अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थच पुनरावृत्ती! तुर्कीत आजही 'तेकरार' म्हणजे 'पुन्हा'. फारसीतून येताना पुन्हा पुन्हा बोलण्याची हुज्जत झाली, उर्दू-हिंदीत 'तकरार' म्हणजे भांडण झालं आणि मराठीत गाऱ्हाणं. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी नागपूरहून निघून भोपाळला आली, तेव्हा सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं सामानाबरोबर आपली 'तक्रार'ही घेऊन आली. इथे लोकांची तकरार वेगळी. शेजारणीला "मैंने तकरार कर दी" म्हटलं की ती घाबरून विचारायची, किससे? मग हळूहळू आपण 'शिकायत' म्हणायला लागलो.

शिकायत आणि शिकवा ही सख्खी भावंडं, तीही अरबी. भोपाळकरांनी शिकवा म्हटलं की इक्बाल आठवावेत. 'शिकवा' ही त्यांची देवाकडेच तक्रार करणारी कविता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. ती खूप गाजली, काहींना झोंबली आणि काही वर्षांनी त्यांनी देवाच्या बाजूने 'जवाब-ए-शिकवा' लिहिला. १९३५-३६ मध्ये हेच इक्बाल घशाच्या उपचारांसाठी आपल्या भोपाळला येऊन राहिले होते. शीश महालात त्यांचा मुक्काम होता, समोरचं इक्बाल मैदान त्यांच्याच नावाचं.

देवाकडे तक्रार करायला आपल्या संतांनीही कमी केलेलं नाही. तुकोबांच्या अभंगांत विठ्ठलाशी चाललेलं भांडण आहे, जनाबाईंचा तर हक्कच वेगळा. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या गाऱ्हाण्याचा आणि त्याचं नाव विषाद*योग*. तिथे भगवंत मध्येच "पॉझिटिव्ह राहा" असं म्हणत नाहीत. अर्जुनाचं सगळं बोलून होतं, तो धनुष्य खाली ठेवतो, मग दुसऱ्या अध्यायात उत्तर सुरू होतं. संतोष हा पतंजलींच्या पाच नियमांपैकी एक, हे खरंच. पण तो नियम आपण स्वतःला लावायचा असतो. दुसऱ्याचं दुखणं ऐकताना त्याच्या गळ्यात घालायचा नसतो.

गाऱ्हाणं या शब्दाचं नातं संस्कृत 'गर्हणा'शी, म्हणजे निंदेशी. पण कोकणात जाऊन पाहा, तिथे गाऱ्हाणं म्हणजे प्रार्थना. देवळासमोर गावकरी जमतात, जाणता माणूस गावच्या देवांना एकेक करून हाक घालतो, अडचण काय ते सांगतो, काय व्हायला हवं ते मागतो आणि प्रत्येक मागण्यापाठोपाठ सगळे म्हणतात, "व्हय महाराजा!" आम्हाला वाटतं, तक्रार कशी करावी याचा यापेक्षा चांगला धडा नाही. कोणाकडे करतो ते ठरलेलं, दुःख नेमकं, मागणी स्पष्ट आणि पाठीशी गाव उभं.

गाव पाठीशी नसेल तर काय होतं, हे आपल्या शहराला सांगायला नको. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एक कामगार गेला. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून शहराला धोका असल्याचं पुन्हा पुन्हा लिहिलं. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'तही लिहिलं. तेव्हा ती अनेकांना एका माणसाची पिरपिर वाटली असणार. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र आपल्यातल्या कित्येकांनी अंगावर काढली आहे. पुढे रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल यांच्यासारख्या बायका वर्षानुवर्षं तीच मागणी घेऊन रस्त्यावर बसल्या. २००४ मध्ये त्या दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. तक्रार म्हणजे पुनरावृत्ती, हा अरबी अर्थ त्यांनी जगून दाखवला. त्याला कोणी कुरकुर म्हणेल का?

म्हणजे पुन्हा पुन्हा बोलणं हाच काही कुरकुरीचा दोष नाही. खाट कुरकुरते तेव्हा ती कोणाशी बोलत नसते. केसवानी बोलत होते, ते शहराशी आणि सरकारशी. आपलं बोलणं, ज्याला काही करता येईल अशा माणसापर्यंत जातंय का, हे पाहावं. नळाचं दुखणं नळवाल्याला सोडून दहा जणांना सांगितलं तर आपण गव्हाण चावतोय.

सरकारी भाषेत या सगळ्याला आणखी एक भारदस्त शब्द आहे, *ग्रीव्हन्स*. केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलमधला 'जी' तोच. लॅटिन 'ग्राव्हिस' म्हणजे जड, त्यावरून ग्रॅव्हिटी, त्यावरूनच ग्रीफ आणि ग्रीव्हन्स. छातीवर ठेवलेलं ओझं. आणि आता ऐका. भाषाशास्त्र सांगतं, लॅटिनचा 'ग्राव्हिस' आणि आपला संस्कृत 'गुरु' एकाच मूळ शब्दातून आले आहेत! गुरु म्हणजे मुळात जड, लघुच्या उलट. छंदातले लघु-गुरु आठवा. 'गु' म्हणजे अंधार, 'रु' म्हणजे तो दूर करणारा, ही आपण नेहमी ऐकतो ती निरुक्ती भक्तीच्या वाटेची, ही व्युत्पत्ती भाषेच्या वाटेची. दोन्ही आपापल्या जागी राहू द्या. ग्रीव्हन्स निवारणाला इंग्रजीत 'रिड्रेस' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ वाकलेलं पुन्हा सरळ करणं.

पेन्शनवाल्या ताईंना आम्ही सांगितलं, धागा आहे त्याच हातात राहू द्या आणि अर्ज करा. अर्जात कार्यालयाचं नाव, पीपीओ क्रमांक, यजमानांच्या निधनाची तारीख, आधी दिलेल्या कागदांच्या पावत्या आणि शेवटी एका ओळीत मागणी. दुसऱ्याच्या आळसावर निबंध नको, तो मनात आला तरी. राज्य सरकारचं काम असेल तर १८१ वर तक्रार नोंदवता येते. ती चार पायऱ्यांनी खालच्या अधिकाऱ्याकडून वरच्याकडे जाते. क्रमांक लिहून ठेवा. बंद करण्यापूर्वी फोन येतो, "आप संतुष्ट हैं?" काम झालं नसेल तर संकोचाने 'हो जी' म्हणू नका. तिथलं 'नाही' हे असमाधान नव्हे, ते खरं बोलणं आहे. शिवाय मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते, तिथे कागद हातात देता येतो.

ज्यांचे असे कागद अडले आहेत, त्यांनी येत्या रविवारी सत्संगानंतर फाइल घेऊन थांबावं. अर्ज लिहायला दोन-तीन जण बसणार आहोत. चष्मा आणि झेरॉक्स आठवणीने आणा. ताईंबरोबर मंगळवारी कोण जाणार, तेही तिथेच ठरवू.

पुढच्या गुरुवारचा शब्द : *सॉरी*.

जय गुरुदेव 🙏