निःश्वासाचा दाखला

चि. मृणालिनीस,

निःश्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजणारे यंत्र तुमच्या विभागात रुजू झाले, आणि दमेकरी मुलाचा तो आकडा हाती आल्यावाचून भूल देऊच नये, असे तू मोठ्या उत्साहाने लिहिलेस. उत्साह आवडला, मसलत पटली नाही.

१९९१ साली स्वीडनमधील संशोधकांना हा वायू मानवी निःश्वासात आढळला, आणि श्वासनलिकेच्या अस्तरात इओसिनोफिलजन्य दाह वाढला की तेथील पेशी तो अधिक निर्माण करतात हेही पुढे सिद्ध झाले. म्हणून सेकंदास ५० मिलिलिटर अशा संथ गतीने सोडलेल्या श्वासात दर अब्ज भागांमागे मुलाचे ३५ हून व प्रौढाचे ५० हून अधिक भाग भरले, तर दाह जागा आहे असे मानण्यास आधार मिळतो. परंतु विडी ओढणाऱ्याचा आकडा उतरतो, पालक-बीट खाल्लेल्याचा चढतो, आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी उपाशीपोटी रडणाऱ्या चार वर्षांच्या पोराने एकसारखी फुंकर घालावी, ही अपेक्षा बालकाच्या तोंडावर कधी मास्क न धरलेल्यानेच करावी! शिवाय सर्दीनंतर घशाचे मज्जातंतू जे चिडके होऊन बसतात, त्यांची कैफियत हा आकडा देत नाही. स्वरयंत्र आचका देऊन मिटते ते बहुधा त्यांच्यापायी.

ती कैफियत आईकडे असते. गेल्या पंधरा दिवसांत सर्दी झाली का, रात्री कोरडा खोकला येतो का, खेळताना छातीत शिट्टी वाजते का, अंगावर इसब होता का, घरात कोण विडी-सिगारेट ओढते, हे सावकाश विचार. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे नऊ हजारांहून अधिक मुलांची पाहणी होऊन २०१० साली जे प्रसिद्ध झाले, त्यात धोक्याच्या खुणा म्हणून नेमक्या याच गोष्टी पुढे आल्या. उत्तरे प्रतिकूल आली आणि शस्त्रक्रिया तातडीची नसली, तर तारीख पुढे ढकलण्याचा आग्रह धर, सर्जनसाहेब कितीही कपाळाला आठ्या घालोत. थांबणे शक्य नसेल, तर आधी साल्ब्युटामॉलचे फवारे दे, शिरेतून प्रोपोफॉल देऊन झोपव, डेसफ्लुरेनच्या वाटेस जाऊ नकोस, आणि भूल पुरेशी खोल होईपर्यंत घशाला हात लावू नकोस. पुढे कॅप्नोग्राफच्या पडद्यावर नजर ठेव: सपाट माथ्याची रेघ तिरकी चढू लागली, तर नळी कोठे मुडपली वा चोंदली नाही ना ते पाहा, आणि ती मोकळी असेल तर श्वासनलिका आवळते आहे असे समज, ही रेघ प्राणवायूचा आकडा घसरण्याच्या पुष्कळ आधी बोलते.

यंत्रावरून विभागप्रमुखांशी हुज्जत मात्र घालू नकोस. दम्याचे औषध नियमित घेतले जाते की नाही, हे आठवडाभर आधी ताडण्यास ते खरोखर उपयोगी आहे, आणि शस्त्रक्रियापूर्व तपासणीच्या कक्षातच त्याची जागा आहे.

तुझा,
नानाकाका