फिर्गजेची शाळा : गोव्यातील एक जुनी शिक्षणपरंपरा

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईच्या चित्रपटसंगीताला जे भरदार स्वरूप लाभले, त्यात गोमंतकीय वादकांचा वाटा फार मोठा आहे. संगीतकार चाल गाऊन दाखवीत. ती स्वरलिपीत उतरविणे आणि व्हायोलिन, ट्रंपेट, चेलो अशा वाद्यांत वाटून देणे, हे काम बहुधा गोव्याकडील संयोजक करीत. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांपैकीच एक. अँथनी गोन्साल्विस हे सासष्टी तालुक्यातील माजोर्ड्याचे. त्यांचे वडील तेथील चर्चच्या गायक-वादकवृंदाचे प्रमुख होते. संगीतकार प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे गोन्साल्विस यांच्याकडे घेतले आणि १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले गेले.

खेडेगावातील मुलाला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत होती ती कशामुळे, याचे उत्तर गोव्याच्या फिर्गजेच्या शाळेत सापडते. फिर्गज म्हणजे एका चर्चच्या अधिकारातील गाव किंवा गावांचा समूह. सोळाव्या शतकापासून अशा चर्चच्या आश्रयाने या शाळा उभ्या राहिल्या. मुलांना प्रार्थना व धर्मपाठ शिकविणे आणि चर्चमधील उपासनेसाठी गायक-वादक तयार करणे, हा त्यांचा मूळ हेतू. लेखन-वाचनाचे शिक्षण त्याच्याच जोडीने आले.

या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. तिसवाडीतील देवळे पाडली गेल्यानंतर १५४१ मध्ये त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न गावकऱ्यांकडून लिहून घेण्यात आले व ते ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. चर्चसंस्थेची आर्थिक घडी बसली ती अशा सक्तीतून. पुढे गावकरी संस्था, म्हणजेच पोर्तुगीज अमदानीतील ‘कोमुनिदाद’, आणि चर्चशी निगडित ‘कोंफ्रारिया’ या मंडळ्या चर्चच्या खर्चाचा भार उचलीत. शाळेतील शिक्षकाचे, म्हणजे मेस्त्राचे, वेतनही गावाच्या अशाच उत्पन्नातून निघे. मुलांना फी पडत नसे. गरीब कुळाचा मुलगाही त्यामुळे शाळेत येऊ शके. ग्रामसंस्थेने आपल्या उत्पन्नातून शिक्षक पोसावा, ही व्यवस्था पंचायतीच्या कारभाराशी संबंध असणाऱ्यांना आजही विचार करण्याजोगी वाटेल.

मेस्त्राची शिकवण

मेस्त्र हा एकाच वेळी शिक्षक, गायकवृंदाचा प्रमुख व वादक असे. त्याची शिकविण्याची रीत ठरलेली होती. प्रथम सोल्फेज, म्हणजे हाताने ताल धरीत कागदावरील स्वर नावानिशी गाणे. स्वर डोळ्यांनी वाचून गळ्यातून अचूक निघेपर्यंत मुलाच्या हाती व्हायोलिन पडत नसे. मेस्त्राची छडीही प्रसिद्ध होती. शिकलेल्या विद्येला मात्र गावातच उपयोग असे. फेस्ताचा मीस, वाड्यावरील क्रुसापुढची लदीन, उपवासकाळातील मोतेत, लग्न आणि प्रेतयात्रा या साऱ्या प्रसंगी तीच मुले गात व वाजवीत. शाळेत शिकलेले लगेच समाजात वापरावयास मिळणे, हे या शिक्षणाचे खरे बळ होय. एकोणिसाव्या शतकात सासष्टीत बहरलेला मांडो हा गीतप्रकारही याच संस्कारांतून पुढे आला.

भाषेच्या बाबतीत राज्यकर्त्यांचे धोरण एकसारखे राहिले नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यांची प्रश्नोत्तररूप कोंकणी धर्मपोथी १६२२ मध्ये निघाली. तथापि १६८४ च्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम झाला. तो अर्थातच अमलात आला नाही. १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली, १८३५ मध्ये इतर धर्मसंघही बंद झाले. फिर्गजेची शाळा मात्र टिकली. कारण तिचा आधार संघांच्या मठांत नव्हे, तर गावात होता.

पुढे उपजीविकेसाठी मुंबईची वाट धरणाऱ्या गोमंतकीयाला याच विद्येने हात दिला. लष्कराची व पोलिसांची बँडपथके, मूकपटांची चित्रगृहे, हॉटेलांतील वाद्यवृंद आणि अखेर चित्रपटांची ध्वनिमुद्रणे असा हा प्रवास आहे. चर्चच्या गरजेसाठी दिलेले शिक्षण अशा रीतीने लौकिक व्यवसायाचे साधन बनले. शाळा काढणाऱ्यांच्या मनात हे नव्हते.

मुक्तीनंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि प्राथमिक शिक्षणाचा झपाट्याने विस्तार झाला. चर्चच्या व्यवस्थापनाखालील अनेक शाळा इंग्रजी माध्यमाच्या झाल्या. १९९० मध्ये शासनाने प्रादेशिक भाषांतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे ठरविले, तेव्हा त्यांतील बऱ्याच शाळांनी कोंकणी माध्यम स्वीकारले. २०११ नंतर इंग्रजीच्या अनुदानाचा प्रश्न पुन्हा पेटला. माध्यमाचा हा वाद महत्त्वाचा खराच; परंतु जुन्या शाळेत स्वरांचे शिक्षण ज्या सक्तीने व ज्या सर्वांसाठी होते, तसे ते नव्या वेळापत्रकात उरले नाही. पणजीत १९५२ साली संगीताची अकादमी स्थापन झाली आणि पुढे १९७० मध्ये स्थापन झालेल्या कला अकादमीत तिचे कार्य सामावले गेले. तेथील शिक्षण पद्धतशीर आहे. त्यासाठी दूरच्या गावातील मुलाला पणजी गाठावी लागते. पूर्वी मेस्त्र इगर्जीच्या आवारातच भेटत असे.