परसबागेतील अ‍ॅस्परॅगस

परसबागेतील बहुतेक भाज्यांचे आयुष्य एका हंगामापुरते असते. अ‍ॅस्परॅगस हे पीक याला अपवाद आहे. योग्य निगा राखल्यास त्याचा वाफा एकाच जागी १० ते १५ वर्षे उत्पन्न देतो. म्हणूनच जागेची निवड व पहिल्या दोन वर्षांतील मशागत यांना येथे विशेष महत्त्व आहे.

ही वनस्पती आपल्या शतावरीची सगोत्र होय. पूर्वी दोन्हींचा समावेश लिलिएसी कुलात होत असे. आता त्यांचे अ‍ॅस्परॅगेसी हे स्वतंत्र कुल मानतात. शतावरीच्या मांसल मुळ्या औषधात वापरतात, तर अ‍ॅस्परॅगसचे जमिनीतून वर येणारे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात. त्याला थंड हवामान मानवते. हिवाळ्यात रोपे सुप्तावस्थेत जातात व वसंतात नवे कोंब फुटतात. त्यामुळे आपल्या देशात हिमालयाच्या उतारावरील व तत्सम थंड प्रदेशांतील बागा या पिकास अधिक अनुकूल असतात.

जमीन भुसभुशीत व उत्तम निचऱ्याची असावी. पाणी साचल्यास मुळे कुजतात. हरळी, लव्हाळा यांसारखी बहुवर्षायू तणे लागवडीपूर्वीच समूळ काढावीत, कारण नंतर खोल खणणे शक्य नसते. बी कठीण कवचाचे असल्याने पेरणीपूर्वी एक दिवस पाण्यात भिजवावे. उगवणीस दोन ते चार आठवडे लागतात. वर्षभराची रोपे कायम जागी लावतात. त्यासाठी सुमारे २० सेंमी. खोल चर खणून तळाशी कुजलेले शेणखत मिसळावे. दोन चरांत १२० सेंमी. व दोन रोपांत ४५ सेंमी. अंतर ठेवावे. मुळे चोहीकडे पसरून गड्ड्यावर प्रथम ५ सेंमी. माती घालावी व रोपे वाढतील तसा चर हळूहळू भरावा.

लागवडीनंतर पहिली दोन वर्षे एकही कोंब कापू नये. न कापलेला कोंब वाढून नेच्यासारखा हिरवा पिसारा होतो. या पिसाऱ्यातील सुईसारखे अवयव पाने नसून रूपांतरित फांद्या असतात. त्या सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व ते मुळांत साठते. पुढील वसंतातील कोंब याच साठ्यावर पोसले जातात. तेव्हा लोभाने कापलेला प्रत्येक कोंब पुढील वर्षाच्या पिकातून वजा होतो.

तिसऱ्या वर्षी दोन ते तीन आठवडे व त्यानंतर दरवर्षी सहा ते आठ आठवडे तोडणी करावी. कोंब १५ ते २० सेंमी. उंच असताना व टोक घट्ट मिटलेले असतानाच कापावेत. कोंब पेन्सिलीहून बारीक येऊ लागले म्हणजे साठा संपत आला असे समजून तोडणी थांबवावी. तोडणीनंतर खत घालावे, नियमित पाणी द्यावे व पिसारा मोकळेपणी वाढू द्यावा. शरद ऋतूच्या अखेरीस तो पिवळा पडून वाळल्यावरच जमिनीलगत कापावा. तांबेरा पडला असल्यास वाळलेला पाला जाळून टाकावा.

नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. मादी झाडांना लाल फळे धरतात व त्यांची शक्ती बियांत खर्च होते. म्हणून नर झाडांपासून अधिक उत्पन्न मिळते. ही फळे खाण्यायोग्य नसतात. मुलांना त्यांपासून दूर ठेवावे.

कोंबांवर माती चढवून त्यांना प्रकाशापासून वंचित ठेवल्यास ते पांढरे राहतात. हिरवे असोत वा पांढरे, कापल्यावर त्यांतील साखर झपाट्याने घटते व ते तंतुमय होतात. बाजारात दूरवरून आलेल्या मालास ताज्या कोंबांची गोडी क्वचितच असते. ती घरच्या वाफ्यात मिळते. मात्र त्यासाठी दोन वर्षे सुरी बाजूला ठेवण्याचा संयम हवा.