पुण्याला निघण्याआधी : ध्येय कसे निवडावे, कसे गाठावे



उसाचे बिल घरात आले की त्याचे वाटे आधीच ठरलेले असतात. सोसायटीचे कर्ज, खत, लाइट बिल, आणि पुण्याला असलेल्या पोराचा खर्च. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात राज्यभरातून आलेली हजारो मुले-मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत राहतात. कॉटचे भाडे, मेस, अभ्यासिका, क्लास, हे महिन्याच्या महिन्याला लागतेच. गेलेला पैसा पुढच्या हंगामात भरून काढता येतो, गेलेले वय मात्र येत नाही. म्हणून या अंकात हा विषय आम्ही अभ्यासाला घेतला आहे.

१. खुर्ची नको, काम बघा

"काय व्हायचंय?" असे विचारले की पोरगं पटकन सांगतं, "तहसीलदार." पण तहसीलदार सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काम करतो, हे विचारले की गप्प. गाडी दिसते, मान दिसतो. फेरफाराच्या तक्रारी, पंचनामे, वाळूची भांडणे, निवडणुकीची जागरणे दिसत नाहीत. ज्याला ते काम आवडेल त्याने जरूर त्या वाटेने जावे. नुसती खुर्ची आवडणाऱ्याने थोडे थांबावे.

आपल्या सहकारातलेच उदाहरण घेऊ. डॉ. धनंजयराव गाडगीळ हे १९३० साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. विठ्ठलराव विखे पाटील हे लोणीचे शेतकरी, शाळा जेमतेम झालेली. एक पुस्तकातला, एक बांधावरचा. पण शेतकऱ्याच्या मालकीचा साखर कारखाना उभा करायचा, या एका कामावर दोघांचे मन बसले. त्यातून प्रवरेचा कारखाना उभा राहिला, १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. पद कामाच्या मागून आले. म्हणून आम्ही म्हणतो, मला कोणते काम तडीस न्यायचे आहे, हा प्रश्न पहिला.

२. आधी माती परीक्षण

जमीन न बघता बेणे आणणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मग शेजारच्याचा पोरगा पुण्याला गेला म्हणून आपलाही धाडायचा, हे कसे? मुलांनो, तीन प्रश्न स्वतःला विचारा. कोणी न सांगता मी कोणत्या कामात रमतो? या कामातला रोजचा कंटाळवाणा भाग मला दहा वर्षे सोसेल का? आणि त्याचा उपयोग कोणाला होईल?

उत्तर घरात बसून मिळत नाही. सुटीत आठ दिवस माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत, वर्कशॉपमध्ये किंवा दवाखान्यात जाऊन बसा. त्या कामातल्या माणसाला भेटा. कलचाचणीही करून घ्यावी. मात्र चाचणी दिशा दाखवते, चालायचे आपणच.

३. जवळच्या वाटाही वाटाच

सरकारी नोकरी हे चांगले ध्येय आहे, पण ते एकच नव्हे. पुण्याजवळ मांजरीला आपल्याच सहकारी साखर धंद्याने १९७५ साली उभी केलेली संस्था आहे. आज ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. साखर व अल्कोहोल तंत्रज्ञानाचे शिक्षण तेथे मिळते. औंधला शासकीय आयटीआय आहे. बॉयलरवर काम करायला कायद्याने प्रमाणपत्र लागते, आणि ते हातात असलेला माणूस साखर सोडून इतर धंद्यांतही चालतो. इथेनॉलमुळे डिस्टिलरीचे काम वाढले आहे. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून निघालेली फुले २६५ ही जात तुमच्यापैकी अनेकांच्या शेतात उभी आहे. ती तयार करणारेही कधी काळी कृषी महाविद्यालयातले विद्यार्थीच होते. त्यांच्या गाडीवर लाल दिवा नव्हता, पण त्यांचे काम शिवारात दिसते.

४. तोडीची तारीख आधी ठरवा

सुरू उसाला बारा महिने, आडसालीला सोळा-अठरा. लागण करतानाच आपल्याला तोडीचा अंदाज असतो. ध्येयाला मात्र आपण मुदतच घालत नाही. राज्यसेवेला पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशा तीन पायऱ्या आहेत. अर्ज लाखांनी येतात, जागा शेकड्यांनी असतात. तारखाही आपल्या हातात नसतात. मार्च २०२१ मध्ये परीक्षा तोंडावर आली असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. २०२३ च्या सुरुवातीला नव्या परीक्षा पद्धतीवरून आंदोलन झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा परीक्षा पुढे गेली. २०१६ साली खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ झाली. संधी वाढली हे खरे, पण 'अजून वय आहे की' म्हणत वाट बघायची सवयही वाढली. सरकारची वयोमर्यादा ही आपली मुदत नव्हे. आपली मुदत आपण घालायची.

आमची सूचना अशी. निघण्याआधीच किती प्रयत्न करायचे ते ठरवा आणि कागदावर लिहा. प्रत्येक निकालानंतर किती गुणांनी हुकले, कोणत्या विषयात हुकले, याची नोंद ठेवा. गुण चढत असतील तर पुढे चला. दोन-तीन वेळा पूर्व परीक्षेतच अडत असेल तर थांबून विचार करा. आणि उसात आपण हरभरा, कांदा घेतो, तसे अभ्यासाला आंतरपीक असू द्या. हाताला येणारे एखादे कौशल्य, अर्धवेळ नोकरी, पुढची पदवी, काहीही चालेल. मुख्य पीक हुकले तरी घर तरते.

५. मुलींना मुदत सारखीच

पोराला पाच वर्षे आणि पोरीला "एक वर्ष बघू, मग स्थळं बघायची", असा हिशेब अनेक घरांत चालतो. बियाणे तेच, पाणी अर्धे, आणि उतारा मात्र सारखा मागायचा! हे न्यायाचे नाही. जी मुदत मुलाला, तीच मुलीला.

६. खर्चाची सोय

बिकट परिस्थितीतल्या मुलांनी पाय मागे घेऊ नये. ग्रामीण भागातून पुण्याला येणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांसाठी डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. तिच्या वसतिगृहांनी पिढ्या घडवल्या. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने 'कमवा आणि शिका' योजना आहे. काम करून शिकण्यात कमीपणा नाही. प्रवेश मिळाला की लगेच चौकशी करावी, उशीर करू नये.

७. परतणे म्हणजे हरणे नव्हे

आई-वडिलांना आमची हात जोडून विनंती आहे. दर फोनला "निकाल कधी?" विचारू नका. "जेवलास का, झोप झाली का," एवढे विचारा. परत यायची लाज वाटते म्हणून कित्येक मुले वर्षानुवर्षे त्या खोल्यांत राहतात, आणि मनातले कोणाला बोलत नाहीत. मुदत संपून पोरगं परत आलं तर चावडीवर त्याची चर्चा नको. खोडवा नीट राखला तर तोही टनेज देतो. अभ्यासात मिळालेली शिस्त, कायद्याचे आणि हिशेबाचे ज्ञान सोसायटीला, ग्रामपंचायतीला, शेतीला लागतेच.

घरी करायचा अभ्यास

यंदाचा पहिला हप्ता जमा होईल त्या दिवशी मुलगा-मुलगी, आई-वडील एकत्र बसावे आणि एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात : (१) मला कोणते काम करायचे आहे, (२) ते मी जवळून कुठे पाहिले, (३) किती वर्षे, किती प्रयत्न, (४) महिन्याचा खर्च किती व तो कुठून, (५) नाही जमले तर पुढे काय. पाचव्या ओळीवर सगळे अडतील. अडले तरी ती लिहिल्याशिवाय उठू नये. कागदावर सगळ्यांनी सह्या कराव्यात आणि तो ऊस नोंदीच्या पावत्यांबरोबर जपून ठेवावा. वर्षातून एकदा, गळीत सुरू झाले की, काढून वाचावा.